गिनबान कॅलिडोस्कोप: लुट्झची कड दाखवली असती तर

आधी तक्रार, कारण पुन्हा पाहताना ती कमी होत नाही, वाढते. फिगर स्केटिंगवरच्या या बारा भागांच्या जपानी ॲनिमे मालिकेत उडी कुठली मारली हे डोळ्यांना क्वचितच कळतं. संवादात नाव आलं तर समजायचं, नाहीतर ‘मुलगी फिरली आणि उतरली’ एवढ्यावर समाधान मानायचं.

कथा बहुतेकांना माहीत असेल. ताझुसा साकुरानो ही सोळा वर्षांची जपानी स्केटर, जिभेला धार, पत्रकारांशी उभं वैर. कॅनडातल्या स्पर्धेत उडी चुकून ती बर्फावर आपटते आणि बेशुद्ध पडते. त्याच सुमारास विमानाच्या कसरती करणारा पीट पंप्स हा तिच्याच वयाचा कॅनडियन मुलगा अपघातात मरतो. स्वर्गात जागा मिळेपर्यंत शंभर दिवस त्याला पृथ्वीवर काढायचे असतात आणि ते तो ताझुसाच्या अंगात काढतो. शंभर दिवस संपतात तेव्हा तुरिन ऑलिंपिक सुरू असतं.

आता उडीबद्दल. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारी स्केटर लुट्झ आणि फ्लिप या दोन्ही उड्या डाव्या पायावर मागे सरकत, उजव्या ब्लेडच्या टोकाचे दाते बर्फात रोवून घेते. फरक एवढाच की लुट्झला डाव्या ब्लेडची बाहेरची कड लागते, फ्लिपला आतली. घोटा आत कलला की लुट्झ बिघडलीच, परीक्षक गुण कापणार. 2005-06 च्या मोसमात तिहेरी टो-लूपला मूळ 4 गुण होते, साल्कोला 4.5, लूपला 5, फ्लिपला 5.5, लुट्झला 6 आणि तिहेरी ॲक्सेलला 7.5. म्हणजे उडी कुठली आणि कड कुठली, यावर निकाल फिरतो. इथे उडीच्या ऐन क्षणी बऱ्याचदा चेहरा दिसतो, प्रेक्षक दिसतात, किंवा एकच स्थिर चित्र पडद्यावर सरकवलेलं असतं.

पहिल्यांदा पाहताना यासाठी मी मालिकेला सूट दिली होती. टीव्हीचं बजेट, दर आठवड्याला नवा भाग, आणि तिहेरी उडी हवेत टिकते जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात तीन फेऱ्या हाताने काढणं सोपं नाही. आता ती सूट मी काढून घेतो. लुट्झ ओळखू येते ती हवेत नव्हे, त्याआधी. रिंकच्या कोपऱ्याकडे मागे मागे जाणारी लांब वळणाची घसरण, खांद्यावरून मागे टाकलेली नजर, शरीराचा कल डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, आणि मग त्याच वळणाच्या विरुद्ध दिशेने उडी. ही तयारी काही सेकंद चालते आणि अंग जवळपास स्थिर असतं. म्हणजे काढायला हा सगळ्यात स्वस्त भाग. बर्फालगतचा एक शॉट, कललेला घोटा, मागे उमटणारी रेघ, एवढं पुरलं असतं. खर्च नको तिथे वाचवला, याचा राग येतो. पुढे 2016 मध्ये ‘युरी ऑन आइस’ने केन्जी मियामोतोंसारख्या खऱ्या नृत्यदिग्दर्शकाकडून कार्यक्रम बसवून घेतले, तेव्हा किती फरक पडतो ते सगळ्यांनी पाहिलं.

तरीही ही मालिका पुन्हा लावावीशी वाटते, आणि त्याचं कारण भूतच आहे. पीट तिच्या डोळ्यांनी पाहतो, तिच्या जिभेने चव घेतो. त्याला टोमॅटो आवडत नाही, म्हणून राग आला की ताझुसा मुद्दाम टोमॅटो खाते. अंघोळ आणि शौचाचे प्रसंग सुरुवातीच्या भागांत फार ताणलेत, तिथे मी सरळ पुढे ढकलतो. पण हीच अट खेळाला लागू होते तेव्हा विनोद खोल जातो. स्केटिंगमध्ये प्रशिक्षक कठड्याबाहेर उभा असतो. तोल नेमका कुठे गेला हे फक्त स्केटरच्या अंगाला कळतं आणि सांगायला शब्द सापडत नाहीत. पीटला मात्र ते आतूनच कळतं. शिवाय तो कसरतींचा वैमानिक. उलटसुलट झाल्यावर जमीन कुठे आहे याचं भान आणि लोकांसमोर जीव ओतण्याची सवय, दोन्ही त्याच्याकडे आहेत. मूळ कादंबरीचे लेखक रेई काइबारांनी दुसरं कुठलंही भूत निवडलं असतं तर गोष्ट फक्त प्रेमकथा उरली असती.

याचं फळ म्हणजे ताझुसाचा वेट्रेस बनून केलेला शॉर्ट प्रोग्राम, स्पर्धेतला ठरावीक घटकांचा छोटा कार्यक्रम. मालिकेतलं एकच काही पाहायचं असेल तर हे पाहा. त्या काळी महिलांच्या शॉर्ट प्रोग्रामला जास्तीत जास्त 2 मिनिटं 50 सेकंद मिळत आणि त्यात आठ ठरलेले घटक बसवावे लागत: दुहेरी ॲक्सेल, पावलांमधून घेतलेली तिहेरी उडी, जोडउडी, तीन प्रकारचे स्पिन (जागच्या जागी गिरक्या), स्पायरल (एक पाय उंच धरून घसरण) आणि पदन्यास. गाण्याचे शब्द असलेलं संगीत चालत नसे, आणि हातात ट्रेसारखी वस्तू घेतली तर गुण कापले जात. म्हणजे वेट्रेस दिसायची ती मनगट, मान आणि नजर यांतूनच, आणि तीही घटक सांभाळून. ज्या मुलीवर ‘दिसायला सुंदर, पण भाव नाही’ हा शिक्का आहे, तिने परीक्षकांकडे पाहून हसायचं! त्यात हंगाम सुरू असताना नवा कार्यक्रम. एरवी हे काम उन्हाळ्यात उरकलेलं असतं आणि महिनोन्‌महिने घोटून अंगात भिनलेलं असतं. मध्येच बदललं की उडीआधीची पावलं बदलतात, पावलं बदलली की उडीची वेळ चुकते. ताझुसाचा ताण खरा वाटतो तो यामुळे.

शंभर दिवसांचा हिशेबही पक्का बसतो. तुरिनमध्ये महिलांचा फ्री प्रोग्राम, म्हणजे शॉर्टनंतरचा लांब कार्यक्रम, 23 फेब्रुवारी 2006 ला झाला. तिथून मागे मोजलं तर मध्य नोव्हेंबर येतो, म्हणजे ऐन ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेचा मोसम. जपानमध्ये मालिका ऑक्टोबर ते डिसेंबर 2005 मध्ये दाखवली गेली, तेव्हा ऑलिंपिकसाठीची खरी निवडही रंगात होती.

वास्तवाशी फारकत आहे ती जागांच्या बाबतीत. कथेत महिला स्केटिंगमध्ये जपानला ऑलिंपिकची एकच जागा आहे आणि ताझुसा व क्योको शितो यांची त्यासाठी चुरस. प्रत्यक्षात जपानने तिघी पाठवल्या. शिझुका अराकावाने 191.34 गुणांनी सुवर्ण जिंकलं, फुमिए सुगुरी चौथी आली, मिकी आंदो पंधरावी. ग्रां प्री फायनल जिंकलेली माओ असादा वयाच्या अटीमुळे घरी बसली. मूळ कादंबरी 2003 ची, त्यामुळे हे समजून घेता येतं, आणि एका जागेमुळे नाट्याला धारही आली आहे. अराकावाचा तो फ्री प्रोग्राम मालिकेनंतर लगेच पाहा. तिच्या प्रसिद्ध इना बावरला, पाठ कमानीसारखी मागे टाकून केलेल्या त्या घसरणीला, नव्या गुणपद्धतीत स्वतंत्र गुण नव्हते. तरी तिने ती ठेवली. पीट ताझुसाला जे पटवत असतो ते हेच.

डीव्हीडी घ्यायच्या विचारात असाल तर थांबा. डिस्क आणि प्लेअर यांचा रीजन, म्हणजे जगाच्या भागानुसार ठरलेला क्रमांक, जुळावा लागतो. जपानी डिस्क रीजन 2 च्या, भारतातले प्लेअर रीजन 5 चे. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. जपानी आवृत्त्यांवर इंग्रजी सबटायटल सहसा नसतात, तेव्हा भाषा येत नसेल तर पैसे वाया. कादंबरीचे नऊ खंड आहेत आणि मालिका त्यांतली सुरुवातच घेते, म्हणून जपानी वाचता येणाऱ्यांनी तेच पैसे कादंबरीवर घालावेत. तिथे निदान कॅमेरा चेहऱ्याकडे वळत नाही.