मरीन टँकमध्ये माशांच्या आधी पॉड्स सोडले, सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मरीन टँकसाठी (खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक) पॉड्सची (कोपेपॉड्स, मासे खातात ते रव्याएवढे समुद्री जीव) बॉटल घेऊ का, पैसे पाण्यात तर नाही ना जाणार, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घ्या, पण टँकमध्ये एकही मासा नसेल तेव्हाच. मासे सोडून झाल्यावर घेतलीत तर दोन-अडीच हजारांचं खाद्य एका दुपारी संपलं असं समजा.

सेटअप सांगतो. ठाण्यात राहतो, तीन बाय दीड बाय दीड फुटाचा टँक, खाली छोटा सम्प (फिल्टरचा दुसरा टँक), दगड वगैरे धरून पाणी १६०-१७० लिटर. पाणी आरओ-डीआयचं (पूर्ण शुद्ध केलेलं), टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य दाखवल्याशिवाय मीठ घालायचं नाही, खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५, टेंपरेचर २६. (चिलर आहे म्हणून २६, नाहीतर मे महिन्यात ठाण्यात काय होतं ते सांगायला नको, आधी चिलरचे पैसे बाजूला काढा मग बाकीचं बघा.) दगड सगळा ड्राय रॉक. आपल्याकडे २००१ पासून सगळे दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी मालवणचा लाईव्ह रॉक (समुद्रातून काढलेला, जिवंत जीवांसकट कोरलचा दगड) स्वस्तात देतो म्हणाला तर लांबूनच हात जोडा. पण ड्राय रॉक म्हणजे त्यावर जिवंत असं काहीच नसतं. जुन्या लोकांना लाईव्ह रॉकवर बॅक्टेरिया, पॉड्स, किडे, स्पंज सगळं फुकटात मिळायचं, एप्टेशियासारखी (झपाट्याने पसरणारं छोटं समुद्रफूल) नको ती ब्यादपण त्यातच यायची, आता आपल्याला यातलं एकेक वेगळं विकत आणावं लागतं.

सायकलवर (नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसवणं) फार लिहीत नाही. बॅक्टेरियाची बॉटल टाकली, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर नेला आणि टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होईपर्यंत थांबलो. नायट्राइट बरेच दिवस वर राहतो, खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्याइतका घातक नसतो म्हणून त्याचं टेन्शन घेऊ नका. अमोनिया मात्र पॉड्सनाही मारतो, त्यामुळे सायकल व्हायच्या आधी बॉटल ओतायची घाई नको.

आता मुख्य विषय. बॉटलमध्ये तीन जातींचं मिक्स होतं, टिस्बी, टिग्रिओपस आणि अपोसायक्लॉप्स. रात्री लाईट बंद झाल्यावर सोडले, त्याआधी रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा) आणि यूव्ही दिवा काही तास बंद, आणि फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) काढून ठेवला, तो अजून परत लावलेला नाही. हे सॉकचं कोणी सांगत नाही बघा, २०० मायक्रॉनचा सॉक पाण्यात तरंगणारे मोठे पॉड्स गाळून घेतो आणि आपण दर दोन-तीन दिवसांनी तो सॉक नळाखाली धुतो, म्हणजे काय झालं ते समजून घ्या.

मग कितीतरी दिवस काहीच दिसलं नाही. काचेवर आणि वाळूवर डायटमचा (सूक्ष्म शेवाळ) तपकिरी थर मात्र छान आला. आई रोज विचारायची, नुसतं पाणी आणि दगड बघायला एवढं वीजबिल भरतोस का. मी आपला रोज सकाळी फायटो (पॉड्स खातात ते सूक्ष्म शेवाळ) टाकत होतो, नॅनोक्लोरॉप्सिस आणि आयसोक्रायसिस, दहा-पंधरा मिली, फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेली हिरवी बाटली रोज हलवायची, नाहीतर खाली साका बसतो आणि मग असा वास सुटतो की विचारू नका. दीडेक महिन्याने रात्री टॉर्च मारला तर मागच्या काचेवर रवा चिकटल्यासारखं दिसलं, आणि तो रवा झटके देत पळायला लागला. भिंग लावून बघितलं तर काहींच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या, काहींना एकच. दोन पिशव्यावाले अपोसायक्लॉप्स, एकवाले टिस्बी. म्हणजे बाटलीतले नुसते तगले नव्हते, त्यांचा वंश वाढत होता. डायटमपण तोपर्यंत बऱ्यापैकी विरळ झाला होता, आता त्याचं श्रेय पॉड्सना किती आणि सोबतच्या गोगलगायींना किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

टिग्रिओपस मात्र कुठे दिसेना. तो लालसर, मोठा, बाटलीत मस्त दिसतो म्हणून विकणारे त्याचाच फोटो लावतात, पण तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकातल्या डबक्यांमधला. तो उघड्यावर पोहतो, लपत नाही, त्यामुळे माशांच्या तोंडी पहिला तोच. आपल्या टँकसाठी टिस्बी आणि अपोसायक्लॉप्स एवढंच मिळालं तर जास्त चांगलं.

थांबण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मरीन इक (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) टळतो. गोगलगायींबरोबर किंवा कोरलबरोबर तो आलाच तर मासा नसल्यावर उपाशी मरतो, त्यासाठी हॉबीत ७६ दिवस बिनमाशाचा टँक ठेवतात. पॉड्स वाढायलाही साधारण तेवढेच दिवस जातात, तर एका वाट बघण्यात दोन्ही कामं होतात.

शेवटी एकदाचं गंगेत घोडं न्हालं आणि क्लाऊनफिशची जोडी आली, नंतर एक फायरफिश. पहिल्या काही आठवड्यांत काचेवरचे पॉड्स एकदम कमी झाले, पण सम्पमध्ये चेटो (केसांच्या गुंत्यासारखं समुद्री शेवाळ) आणि दगडाचे तुकडे ठेवलेत, तिथे रात्रभर लाईट असतो आणि मासा पोचत नाही, तिथे अजून बुजबुज आहे. चेटो उचलून झटकला की खालचं पाणी हलताना दिसतं. सम्प नसेल तर मागच्या बाजूला दगडाच्या तुकड्यांचा ढीग तरी ठेवा, लपायला जागा नसेल तर कितीही बॉटल ओता, टिकणार नाहीत.

तक्रारी. पहिलं पार्सल कुरियरच्या गोडाऊनमध्ये उन्हाळ्यात पडून राहिलं, उघडल्यावर सडका वास आला आणि विकणाऱ्याने व्हिडिओ नाही म्हणून पैसे परत दिले नाहीत. तेव्हा थंडीत मागवा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढा. दुसरं, बाटलीवर लिहिलेलं असतं की नायट्रेट कमी होईल, सायनो (चिकट लालसर थर धरणारे बॅक्टेरिया) जाईल, तर माझ्याकडे दोन्हीत काडीचा फरक पडला नाही. ओळखीत कोणाचा जुना टँक असेल तर मूठभर चेटो मागून आणलात तरी काम होतं, फुकटात, फक्त त्याच्याबरोबर एप्टेशिया किंवा इक येऊ शकतो, बाटलीत ती भीती कमी.

मँडरिन माशाबद्दल विचारणार हे माहितीय. तो दिवसभर दगडावर टोचून टोचून पॉड्सच खात असतो आणि बऱ्याच टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो, माझ्याएवढ्या टँकमध्ये नुसत्या पॉड्सवर तो जगेल असं मला वाटत नाही. दुकानदार एक बाजूला काढून ठेवतो म्हणतोय. मी त्याला सांगितलंय, माझ्यासमोर फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, गोठवलेले) खाऊन दाखवला तर नेतो.