कूपर्सचा पेल एल डबा, वरून हॉप्स घालून

ॲडलेडच्या कूपर्स कंपनीचा १.७ किलोचा ऑस्ट्रेलियन पेल एलचा (एल हा बीअरचा एक प्रकार) डबा, म्हणजे घरी बीअर बनवण्यासाठीचा माल्टचा (मोड आणलेल्या जवाचा) घट्ट अर्क, ऑस्ट्रेलियात सहज मिळतो. झाकणाखाली ७ ग्रॅम यीस्टची पुडी असते. लेबलवर दिलंय तसं केलं की २३ लिटर स्वच्छ, पिण्याजोगी, पण फिकी बीअर तयार होते. कडवटपणा असतो, वास जवळपास नसतो. अर्क आटवून घट्ट करताना हॉप्सची (बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) सुगंधी तेलं वाफेबरोबर जातात, कडवट भाग तेवढा मागे राहतो. म्हणून वरून हॉप्स घालायचे ते वासासाठी. आणि त्यासाठी हा डबा फार चांगला आहे, कारण त्याचा मूळचा कडवटपणा मध्यम आहे. आयपीए या जास्त हॉप्सच्या बीअरचे डबे आधीच कडवट असतात. त्यांत उकळलेले हॉप्स घालूच नयेत. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे. हे सगळं जिथे परवानगी आहे तिथल्यांसाठी.)

आधी पाया. नुसत्या किलोभर साखरेवर बीअर पाणचट होते आणि हॉप्स वाया जातात. ५०० ग्रॅम लाइट ड्राय माल्ट (माल्टच्या अर्काची भुकटी) आणि ३०० ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) घ्या, पाणी २३ ऐवजी २१ लिटरपर्यंतच भरा. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबते तशी ती उतरते) १.०३८ च्या आसपास येते आणि बाटलीतलं अल्कोहोल साधारण सव्वाचार टक्के.

त्याच माल्टमधलं २०० ग्रॅम २ लिटर पाण्यात विरघळवा. उकळी फुटली की कॅस्केड या जातीच्या हॉप्सचे २५ ग्रॅम पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) टाका, १० मिनिटं उकळा, पातेलं लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि गाळून फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओता. साध्या पाण्यात हॉप्स उकळले तर तुरटपणा उतरतो. माल्टमुळे पाणी थोडं आम्लधर्मी होतं आणि तो आटोक्यात राहतो. डब्यातला अर्क मात्र उकळू नका, उरलासुरला वासही जाईल. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा ॲसिडचा (कडवटपणा देणाऱ्या घटकाचा) आकडा असतो तो बघा. ६ टक्क्यांच्या कॅस्केडने या मापात ६-७ आयबीयू (कडवटपणाचं एकक) वाढतात. गॅलक्सी या जातीचा आकडा १४ च्या घरात असतो, तेव्हा त्याचे १० ग्रॅम पुरे.

हॉप्सचा चहा, म्हणजे प्लंजरमध्ये ८० अंशांखालच्या पाण्यात भिजवून ओतणं, सोपा आहे, पण त्याचा वास आंबताना निघणाऱ्या वायूबरोबर बराचसा उडून जातो. त्यात हॉप्स खर्चू नयेत.

खरा फरक पडतो तो ड्राय हॉपिंगने, म्हणजे आंबणं संपत आल्यावर हॉप्स न उकळता थेट बीअरमध्ये घालण्याने. फेस बसला आणि ग्रॅव्हिटी १.०१२ च्या खाली आली की ३० ग्रॅम पेलेट घाला, म्हणजे लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास. सुटे टाकले तर वास जास्त उतरतो, पण बाटल्या भरताना नळ तुंबतो. उकळून घेतलेल्या मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधा, पण सैल. पेलेट फुगून कितीतरी पट होतात. घट्ट बांधले तर मधला गोळा कोरडाच राहतो. झाकण एकदाच, झटकन उघडा आणि ढवळू नका. या टप्प्याला आत गेलेला ऑक्सिजन बीअरचा रंग काळपट करतो आणि फळांचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तीन-चार दिवस पुरेत. आठवडा उलटला की गवताची चव यायला लागते.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे, आणि डब्याच्या लेबलवर त्याबद्दल अवाक्षर नाही. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे (माल्टमधल्या लांब साखळीच्या शर्करेचे) ती तुकडे करतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. तशात घाईने बाटल्या भरल्या तर आत दाब वाढतो, काचेची बाटली फुटू शकते. माल्टोडेक्स्ट्रिन असलेलं तयार मिश्रण वापरलं असेल तर अधिकच जपा. हॉप्स घातल्यानंतर ग्रॅव्हिटी सलग दोन-तीन दिवस तीच आली पाहिजे. मगच फर्मेंटर दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, गाळ खाली बसेल. लोण्यासारखा वास येत असेल तर थंड करायची घाई नको. यीस्टला तो खाऊ द्या.

डब्यातलं यीस्ट चालतं, पण तापमान १८ ते २० अंश धरा. २५ च्या पुढे त्याचाच फळकट वास इतका येतो की हॉप्स कळत नाहीत. थोडा खर्च करायचा तर यूएस-०५ या यीस्टची साडेअकरा ग्रॅमची पुडी घ्या. चव स्वच्छ येते.

हॉप्स घेताना हवाबंद पाकीट आणि आत हिरवेगार पेलेट, एवढं पाहा. तपकिरी पडलेले किंवा चीजसारखा वास येणारे परत करा. उरलेले हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवा. बाटलीत ३७५ मिलीला कूपर्सचा एक कार्बोनेशन ड्रॉप (बाटलीत फेस येण्यासाठी साखरेची गोळी), ७५० ला दोन. दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये. साधी पेल एल महिनोन् महिने टिकते, पण हॉप्स घातलेली दोन महिन्यांत संपवा. वास आधी जातो.