अर्ध्यात कापलेलं स्तोत्रपुस्तक: स्कॉटिश 'स्प्लिट-लीफ' साल्टर घ्यावं का?

साल्टर म्हणजे बायबलातली 150 स्तोत्रं (साम्स) गाण्यासाठीचं पुस्तक. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मंडळ्यांचं हे पुस्तक पहिल्यांदा उघडलं की बाइंडरनं घोळ घातलाय असंच वाटतं. प्रत्येक पान मधोमध आडवं कापलेलं. वरच्या अर्ध्यात चाली, खालच्या अर्ध्यात स्तोत्रांचे शब्द. दोन्ही अर्धी वेगवेगळी उलटतात, त्यामुळे कुठल्याही स्तोत्रासमोर हवी ती चाल लावून ठेवता येते.

हे जमतं ते 1650 च्या छंदोबद्ध भाषांतरामुळे. त्यात जवळजवळ सगळी स्तोत्रं 'कॉमन मीटर'मध्ये, म्हणजे 8-6-8-6 अक्षरावयवांच्या कडव्यांत आहेत; काहींना दुसऱ्या छंदातलं जादा रूपही आहे. 6-6-6-4 चा अभंग जसा तशाच दुसऱ्या अभंगाच्या चालीवर बसतो, तसंच हे. फक्त इंग्रजीत आघात सांभाळावा लागतो. ओळीचा पहिलाच शब्द जोरकस असेल आणि चाल हलक्या मात्रेवर उठत असेल, तर मोजणी बरोबर येऊनही गाणं लंगडतं. म्हणून निवडलेलं प्रत्येक कडवं आधी गुणगुणून बघावं. पहिलं बसलं म्हणजे पाचवं बसेलच असं नाही.

नेहमीचा घोटाळा दुप्पट लांबीच्या चालींचा. अशी चाल दोन कडव्यांना पुरते. पाच कडवी निवडली की शेवटचं कडवं अर्ध्या चालीवर लटकतं. सम संख्येनं कडवी घ्या, नाहीतर शेवटी चालीचा उत्तरार्धच गायचा हे आधी सांगून ठेवा. भावाचं भान पुस्तक देत नाही. 88 वं स्तोत्र अंधारात संपतं; त्याच्यावर उड्या मारणारी चाल लावली तरी कागद तक्रार करत नाही.

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन पंथात 2010 पर्यंत उपासनेत फक्त स्तोत्रं आणि तीही वाद्यांविना गायली जात. त्या वर्षी इतर गीतांना आणि वाद्यांना मुभा मिळाली. देवानं वचनात सांगितलं तेवढंच उपासनेत आणायचं, हा आधीच्या बंधनामागचा रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतला नियम. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या श्रद्धापत्रकाच्या 21 व्या अध्यायात स्तोत्रगायन उपासनेचा भाग म्हणून नाव घेऊन सांगितलं आहे. वाद्य नसलं की सगळा भार प्रीसेंटरवर, म्हणजे सूर लावून देणाऱ्यावर. त्यानं पहिला सूर नव्हे, चालीतला सर्वांत वरचा सूर आधी तपासावा. पट्टी उंच लागली तर साधारण तिसऱ्या ओळीत पुरुष गप्प होतात आणि मग स्तोत्र संपेपर्यंत परतत नाहीत. सूरशलाका (ट्यूनिंग फोर्क) खिशात असू द्या. घरी पेटीवर काळी एक-काळी दोन करून पट्टी ठरवलीत तरी चालेल.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसेल तर सोल-फाची, म्हणजे डो-रे-मी अक्षरांत चाली लिहिलेली आवृत्ती घ्या. त्यातला 'डो' आपल्या 'सा'सारखा सरकता असतो, त्यामुळे सरगम येणाऱ्याला चार-सहा चालींत ते वाचता येतं. मराठी गायकांसाठी ही आवृत्ती सरळ सरस.

2003 चं 'सिंग साम्स' हे नवं भाषांतर याच रचनेत मिळतं. भाषा आजची. जुन्यात यमकासाठी शब्द इतके उलटेपालटे केलेत की 23 व्या स्तोत्राची दुसरी ओळही नव्या माणसाला अडखळवते. पण नव्यात छंद बरेच आहेत, त्यामुळे अदलाबदलीची मोकळीक आटते: 10-10-10-10 च्या स्तोत्राला मोजक्याच चाली जुळतात. वाचायला नवं, चालींशी खेळायला जुनं.

उणीव बांधणीत आहे. अर्धी पानं शिवणीपाशी लवकर फाटतात आणि पंख्याच्या वाऱ्यात वरचा भाग आपोआप उलटतो. वर डावा अंगठा धरा, खालचं पान उजव्या हातानं उलटा. बाकांवर ठेवायला हे घेऊ नका; मंडळीला शब्दांची साधी प्रत पुरते. ही महागडी प्रत प्रीसेंटरला, आणि चार आवाजांत गाणारे असतील तर दर आवाजामागे एक.