घरातलं ऑफिस कुठे बसवायचं: हॉल, दुसरी बेडरूम की बाल्कनी?

फ्लॅटचं काम काढलं की हल्ली यादीत एक गोष्ट हमखास असते: ऑफिसच्या कामासाठी जागा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये डायनिंग टेबलावर सुरू झालेलं काम कित्येक घरांत आठवड्यातले दोन-तीन दिवस का होईना, टिकून राहिलंय. पुण्या-ठाण्याकडच्या साडेसहाशे चौरस फुटांच्या टू बीएचकेत त्यासाठी तीनच जागा निघतात: हॉलचा कोपरा, दुसरी बेडरूम आणि बाल्कनी.

बहुतेक जण टेबल कुठे मावेल ते बघतात. माझं म्हणणं असं, की आधी आवाज बघा. दिवसातले किती तास तुम्ही मीटिंगमध्ये बोलता आणि त्याच वेळी घरात काय चालू असतं? चार फुटी टेबल कुठेही बसतं. दार लावून निवांत बोलता येईल अशी जागा मात्र घरात एखादीच असते. आणि हे फरशी, वायरिंग, रंग यांच्या आधी ठरायला हवं. रंग झाल्यावर पॉइंट आठवला, तर भिंत परत फोडावी लागते. मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. तिथे फोडायची सोयच नाही, वायर भिंतीवरून पट्टीतूनच न्यावी लागते.

हॉल

सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारा पर्याय. इंटरनेटची लाइन बहुधा हॉलमध्येच आलेली असते, पंखा-एसी असतो, उजेड असतो. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर आणि टेबललॅम्प मिळून तीनशे वॉटच्या आत भागतं, त्यामुळे साधा सहा अँपिअरचा बोर्ड पुरतो. ज्यांचं काम लिहिण्याचं, हिशेबाचं किंवा कोडिंगचं आहे आणि फोन क्वचित येतो, त्यांनी यापेक्षा जास्त खर्च करू नये.

पण मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी होणार, बेल वाजणार, मिक्सर लागणार. त्यावर उपाय म्हणून लोक अर्ध्या उंचीचं पार्टिशन सुचवतात. त्याने टेबलावरचा पसारा पाहुण्यांच्या नजरेआड जातो, आवाज जराही अडत नाही. छतापर्यंत जिप्समचं पार्टिशन करून आत रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी लोकरीचा थर) भरलं तर आवाज बराच कमी होतो, पण मग त्या खोपटात पंखा, दिवा आणि हवा नव्याने आणावी लागते, कारण एसी पार्टिशनच्या पलीकडे राहतो. हॉलही लहान होतो. एवढं करायचंच असेल, तर आधी बेडरूमचा विचार करा.

बाल्कनी

बाल्कनीचा मोह सगळ्यांना पडतो. काचा लावल्या, टेबल टाकलं, समोर झाडं. डोळ्यांसमोर चित्र लगेच उभं राहतं. म्हणूनच हिच्याबद्दल सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट परवानगी. बाल्कनी बंद करणं म्हणजे मंजूर नकाशात बदल करणं. सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी लागते, आणि तेवढ्याने भागत नाही, महापालिकेचीही लागते. ‘सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखाली विनापरवाना बांधकाम काढून टाकायला सांगता येतं. फ्लॅट नवा असेल तर आणखी एक अडचण आहे. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. तुम्ही बाल्कनीत तोडफोड केली असेल, तर उद्या गळती लागल्यावर ती कोणामुळे, यावरच वाद सुरू होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. बाल्कनीचा स्लॅब बऱ्याच इमारतींत एकाच बाजूने धरलेला, बाहेर काढलेला असतो. अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. हॉलची फरशी आणि बाल्कनीची फरशी एका पातळीत आणायची म्हणून ठेकेदार दोन गोष्टी करतात. एक तर जुनी फरशी ब्रेकरने उखडतात, आणि हात जरा खोल गेला की थेट त्या सळईला धक्का लागतो. नाहीतर जुन्या फरशीवरच दोन इंच मसाला ओततात. दोन इंच मसाल्याचं वजन चौरस मीटरला साधारण शंभर किलो होतं. म्हणजे चाळीस चौरस फुटांच्या बाल्कनीवर जवळजवळ पावणेचारशे किलो कायमचं बसलं, टेबल-खुर्ची यायच्या आधीच. वर कठड्याच्या जागी चार इंची विटांची भिंत उभी केली, तर भिंतीच्या दर चौरस मीटरला आणखी दोनशे किलोच्या वर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय यातलं काहीही करू नका. त्याची फी या सगळ्या खर्चात किरकोळ असते.

मग पाऊस. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कनीवर तो आडवा आपटतो. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. काम संपता संपता कारागीर सिलिकॉन फिरवतो, तेव्हा ती हमखास बुजतात. जुलैत ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने, नेमकं टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे ओघळतं. बाल्कनी केलीच असेल, तर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय ना, हे ठेकेदाराचे शेवटचे पैसे देण्याआधी बघा.

उन्हाळ्यात पश्चिमेची काच दुपारी तीननंतर खोलीची भट्टी करते. एसी लागतोच, आणि एसीसाठी डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) वेगळी ४ चौरस मिलीमीटर जाडीच्या वायरची लाइन ओढावी लागते, कारण बाल्कनीत बहुधा एक दिवा आणि फार तर वॉशिंग मशीनचा पॉइंट असतो. शिवाय हॉलचा वारा आणि उजेड अडतो. पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे, हा प्रश्न घरातल्या ज्या माणसाला पडणार आहे, त्याला ठरवताना शेजारी बसवा.

एवढं करून आवाजाचं काय? खाली रस्ता असेल तर हॉर्न काचेतून येतातच. तिन्ही पर्यायांत बाल्कनीचा खर्च सर्वांत जास्त, आणि त्यातला बराचसा खिडकी, वॉटरप्रूफिंग आणि एसीवर जातो. मंजूर नकाशातच बंद असलेली बाल्कनी असेल आणि ती पूर्वेला किंवा उत्तरेला असेल, तर मात्र खुशाल करा. तशी जागा खरंच छान होते.

दुसरी बेडरूम

मीटिंग रोज असतात त्यांच्यासाठी माझं मत सरळ इथे पडतं. भिंती आहेत, दार आहे, खिडकी आहे, परवानगीची भानगड नाही.

अडचण एकच आणि ती खरी आहे: ती खोली आधीच कोणाची तरी असते. मुलं तिथे अभ्यास करतात, गावाहून आई-बाबा आले की तिथेच झोपतात. त्यामुळे डबल बेड काढून दिवाण किंवा भिंतीला उभा दुमडणारा पलंग घ्यायचा का, हे घरच्यांशी बोलून ठरवावं लागतं. आई-बाबा वर्षातले चार महिने राहत असतील, तर तेवढे महिने हॉलमध्ये काम करायची तयारी ठेवा आणि तिथेही एक बोर्ड काढून घ्या. त्यांना दुपारी आडवं व्हायला खोली मिळणं जास्त महत्त्वाचं आहे.

टेबल खिडकीला काटकोनात लावा. खिडकी पाठीमागे आली तर स्क्रीनवर चकाकी येते आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा काळा दिसतो. समोर आली तर डोळे दिपतात. तयार टेबलं बहुधा तीस इंच उंच असतात. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला ती उंच पडतात, खांदे वर ओढले जातात आणि संध्याकाळी मान धरते. सुताराकडून करून घेत असाल तर उंची २७-२८ इंच ठेवा, टेबलाची पुढून मागे रुंदी किमान २४ इंच, मोठा मॉनिटर असेल तर ३०. प्लाय आयएसआय मार्कचा, बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचा पुरतो. पार्टिकल बोर्डची स्वस्त टेबलं कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत कडांना फुगतात.

आवाज मात्र दाराखालच्या फटीतून येतो. अर्ध्या इंचाची फट राहिली तर जाड भिंतीचा उपयोग निम्मा वाया जातो. दाराला खाली रबराची पट्टी बसवा, चौकटीला सील लावा. भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवून किंवा जाड पडदे लावून खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरची शिट्टी थांबत नाही. फोमवर पैसे घालण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

दोघंही घरून काम करत असाल, तर जास्त बोलणाऱ्याला बेडरूम आणि कमी बोलणाऱ्याला हॉल. बाल्कनी मोकळी राहू द्या, दिवसातून दोनदा बाहेर उभं राहायला तुम्हालाच लागेल.

बेडरूम ठरली, तर ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. हॉलमधल्या राउटरपासून टेबलापर्यंत कॅट-सिक्स (इंटरनेटची) केबल पाइपातून, कारण काँक्रीटच्या भिंतीपलीकडे वायफाय मंदावतं. टेबलाच्या वरच्या पातळीला सहा प्लग, म्हणजे रोज खाली वाकायला नको. आणि त्यातले दोन प्लग व राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे असतात, आणि वीज गेली की पंखा फिरत राहतो, मीटिंग तेवढी तुटते.