पबमेड सेंट्रल वापरून पाहिलं, ४ स्टार

राजेहो, एलएलएमचा प्रबंध लिहून राहिलो, विषय आत्महत्येचा प्रयत्न अन् कायदा, अन् राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, जिथं लायब्ररी म्हणजे ग्रामपंचायतीतलं कुलूप लावलेलं कपाट. मंग काय, रात्री लाइन आली की गच्चीवर मोबाईल घेऊन बसतो, तिथंच दोन काड्या रेंज भेटते.

पबमेड सेंट्रल अमेरिकेतलं वैद्यकीय लेखांचं सरकारी भांडार हाये, २००० पासून चालू, लॉगिन नाही पैसे नाही, पूर्ण लेख उघडतो. इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीचे लेख तिथंच सापडले, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यावरचे बी, अन् आपल्याच भागाबद्दल वाचताना पोटात खड्डा पडते बाप्पा. कायदा मात्र तिथं शोधू नका, ते वैद्यकशास्त्राचं दुकान हाये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मी इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या वेबसाइटवरून घेतला. कलम ११५ म्हणते, प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असंच धरायचं, उलट सिद्ध झालं नाही तर खटला अन् शिक्षा नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलंच नाही, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायसाठी प्रयत्न केला तर कलम २२६ लागते.

एक स्टार कापला, कारण सगळं इंग्रजी, माह्या बाला काय वाचून दाखवू?

अन् हो, एका जर्नलनं लेख छापायले पैसे मागतले, तीन दिवसात छापतो म्हणे. डीओएजे म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या, तपासलेल्या जर्नलची यादी, तिच्यात पाहिलं, नावच नाही. आपण गप बसलो.