झाडकामासाठी छोटा टिपर : वर्षभराचा अनुभव (मुख्यतः फाळक्याचा)

फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, पिन परत तुटली, म्हणून लिहायला बसलो. टिपर, म्हणजे हौदा उचलून माल मागे ओतणारा ट्रक, घेऊन वर्ष होत आलं. पुण्यात सोसायट्यांची झाडं छाटायची आणि पावसात पडलेली उचलायची, एवढंच माझं काम. त्यामुळे वाळू-खडीवाल्यांनी हे वाचून वाद घालू नये, त्यांचं गणित वेगळं आहे. इंजिन, पिकअप, ॲव्हरेज यांवर ढीगभर लिहिलेलं सापडतं. फाळक्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही.

बाजारात मिळणारा छोटा टिपर मुळात वाळूसाठी बांधलेला असतो. फाळका वरच्या बिजागरीवर लटकतो, हौदा उचलला की खालून सुटतो आणि वाळू सुळकन निघून जाते. गुलमोहराच्या फांद्या तशा निघत नाहीत. त्या एकमेकींत गुंतून बसतात. हौदा पूर्ण वर गेला तरी गठ्ठा हलत नाही, मग एकदम घसरतो आणि फाळक्यालाच अडकतो. निम्मा माल आत, निम्मा बाहेर, हौदा आभाळात. यावर ड्रायव्हर लोकांचा एकच उपाय, गाडी हातभर पुढे घ्यायची आणि खाडकन ब्रेक मारायचा. माल सुटतो, पण त्यासोबत पिनही सुटते, पिनभोवतीचा बुश जातो आणि हौदा उचलणाऱ्या जॅकच्या सीलमधून तेल गळायला लागतं.

पहिल्यांदा तुटली तेव्हा गाडी वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "चेसिस आमची, बॉडी तुमची." बॉडीवाला म्हणाला, "साहेब, वाळूची बॉडी सांगितली होती, वाळूचीच बांधून दिली." दोघंही आपापल्या जागी बरोबर, भुर्दंड माझा. केबिन-चेसिस घेऊन बाहेर बॉडी बांधली की हे त्रांगडं ठरलेलं. कंपनीतूनच बांधून येणाऱ्या टिपरला जास्त पैसे का मोजायचे, हा प्रश्न मी घेताना सगळ्यांना विचारत होतो. आता उत्तर मिळालं.

या वेळी वेल्डिंगवाल्याकडून फाळका उभा मधोमध कापून घेतला आणि दोन दारं केली. दोन्ही बाजूला पूर्ण उघडून हौद्याला टेकतात, कड्या लागतात. मागची चौकट मोकळी. तेव्हापासून झटका द्यावा लागलेला नाही. झाडकामासाठी टिपर बघायला जाल तर केबिनमध्ये बसायच्या आधी मागे जाऊन फाळका कसा उघडतो ते बघा. बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट फळ्यांची, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या भिंतींची. हौदा ब्रासमध्ये विकतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ब्रासभर वाळू साडेचार टनांच्या आसपास जाते, म्हणून वाळूच्या टिपरला बुटक्या फळ्या असतात. सुट्या फांद्या मात्र दोन ब्रास भरल्या तरी टनभर होत नाहीत, म्हणजे आपण हवा वाहत बसतो. म्हणून प्रत्येक जण वर जाळी चढवतो. मग त्याच उंच हौद्यात कोणीतरी ओल्या रेन ट्रीचे ओंडके शिगोशीग भरतो. ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या जवळ जातं. मधल्या पोकळ्या धरूनही दोन ब्रास म्हणजे साडेतीन टन. माझ्या आरसीवर एकूण वजन ७,४९० किलो आणि रिकामी गाडीच साडेतीन टनांच्या वर, म्हणजे तिथेच काटा टेकला. शिवाय जाळीचं वजन त्यातूनच वजा.

ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड लिहिलेला आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च आपलाच. फांदी हौद्याबाहेर डोकावली तरी त्याच कलमात २०,००० ची वेगळी तरतूद आहे. मागे लाल फडकं बांधलं की चालतं, असं सांगणारे भेटतात. दंड भरायला मात्र ते येत नाहीत. म्हणून कटरवाल्याला सांगून ठेवलंय, हौद्यापेक्षा लांब तुकडा ठेवायचा नाही, आणि वरून जाळीदार ताडपत्री घालायचीच.

आणि हो, जाळी चढवली की आरटीओत नोंद करा. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. गंमत अशी की भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्येही कलम ५२ च आहे, जप्तीचं. दोन्ही ५२ आपल्याच मानगुटीवर.

झाड तोडायची परवानगी आणि लाकूड वाहायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरात १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याचा कागद लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं जातं, त्याला हात लावायच्या आधी दहादा विचार. सोसायटीचे चेअरमन "आमचंच झाड आहे हो" म्हणतात, तेव्हा मी शिडीही उतरवत नाही. लाकूड बाहेर न्यायचं तर वन विभागाचा वाहतूक परवाना. काही जातींना सूट आहे, पण ती कोणाला ते वनपालाकडून आधी विचारून घ्या. दोन्हींच्या प्रती केबिनमध्येच ठेवतो.

लायसन्सचं एक बरं झालं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोंपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरेसं आहे हे पक्कं केलं. म्हणूनच मोठा टिपर घेतला नाही. जड वाहनाचा ड्रायव्हर मागतो तो पगार माझ्या धंद्याला झेपत नाही.

उन्हाळ्यात हे लिहिलं असतं तर 'घेऊ नका' असंच लिहिलं असतं. स्पीड गव्हर्नरने गाडी ६० वर अडते, हायवेवर मागून शिव्या बसतात. त्यात बीएस-६ चा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. आमच्या फेऱ्या जवळच्या, वर पीटीओ (इंजिनच्या जोरावर हौद्याचा जॅक चालवणारा जोड) लावून गाडी जागेवर घरघरत ठेवायची, मग काजळी जळायला हवी तेवढा एक्झॉस्ट तापतच नाही आणि दिवा पेटतो. पावसाळ्यात मत फिरलं. झाडं पडायला लागल्यावर भिजलेला पाला हाताने उतरवायचा म्हणजे माणसं अर्धा दिवस हौद्यातच. टिपरने ती त्याच वेळात दुसऱ्या कामावर. गव्हर्नरचाही राग गेला, डिझेल वाचतं. डीपीएफचा राग कायम आहे. त्यासाठी अधूनमधून रिकामी गाडी हायवेवर पळवून आणतो, फुकटचं डिझेल जाळून.

जुना घेणार असाल तर रिकामा हौदा पूर्ण वर करून इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. हौदा खाली बसला असेल तर जॅक गेलेला. खाली वाकून मागच्या बिजागरीजवळ चेसिसला चीर किंवा ताजं वेल्डिंग आहे का ते बघा, पण टेकू लावल्याशिवाय डोकं आत घालू नका. शेवटी गाडी काट्यावर घाला. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा दोनशे किलो जास्त भरली तर आधीच्या मालकाने नोंद न करता फळ्या वाढवल्यात, आणि पुढच्या पासिंगला ते तुम्हाला निस्तरावं लागणार.