जिप्सीचा मीटर बंद पडला आणि दुरुस्तीच्या नावाखाली चांगला मीटरच हातचा गेला

परवा एका मित्राच्या महिंद्रा मेजर जीपचा वेगाचा मीटर बंद पडला आणि गॅरेजवाल्याने त्यालाही पहिलं वाक्य तेच ऐकवलं, "मीटर गेला साहेब, पूर्ण बदलायला लागेल." ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. दीड वर्षापूर्वी हेच वाक्य मी ऐकलंय आणि त्यापायी साडेदहा हजार आणि आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीचा मूळ मीटर दोन्ही घालवलंय. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, जुनी जिप्सी, जुनी जीप कुणाकडं असेल त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

गाडी १९९९ ची मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. आण्णांनी नवी घेतली होती. साताऱ्यातून यवतेश्वर घाटाने कास, पुढं बामणोली, हाच तिचा कायमचा रस्ता. मीटरवर ४९,९९९ पडले तेव्हा आण्णांनी यवतेश्वरच्या चढावर गाडी अगदी पहिल्या गिअरमधे हळूहळू नेली आणि आम्हा दोघा भावांना पुढं वाकून आकडे फिरताना बघायला लावलं होतं. आण्णा आता नाहीत. त्यामुळं तो मीटर माझ्यासाठी नुसता स्पेअर पार्ट नव्हता हे आधीच सांगतो.

२०२४ मधे गाडीची पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, होती. पंधरा वर्षं झाली की आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायला लागते, आमची २०१४ ला झाली, २०१९ ला झाली, आता तिसरी. आणि पासिंगला बारा दिवस राहिले असताना बामणोलीहून वर येताना मीटरचा काटा एकदम शून्यावर पडला. त्याआधी दोनेक महिने काटा नाचत होता, गाडी चाळीसने चाललीय आणि काटा तीस ते पन्नास असा हलतोय, सोबत डॅशबोर्डच्या मागून किर्र किर्र टिक टिक असा आवाज. मी दुर्लक्ष केलं. काटा पडला त्याच क्षणी किलोमीटरचे आकडे पण थांबले, ८६,४१२ वर. हे दोन्ही एकाच वेळी बंद झालं ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळी मेख तिथंच आहे.

पुण्याच्या बाजूला एक गॅरेज आहे, जुन्या फोर बाय फोरची कामं करतो म्हणून त्याचं नाव ऐकून होतो, तिथं गेलो. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली डोकं घालून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आतला मॅग्नेट गेलाय साहेब. जिप्सी बंद होऊन किती वर्षं झाली, हा मीटर आता कुठं येतो? दिल्लीला एक नवा पीस आहे, ओरिजिनल, आज बोललात तर येईल, उद्याची गॅरंटी नाही." मीटर साडेआठ हजार, केबल ८००, मजुरी १,२००. जिप्सी २०१९ पासून बंद आहे हे खरंच आहे त्यामुळं पार्ट मिळत नाही हे लगेच पटतं, आणि हे लोक बरोबर तेवढंच खरं बोलतात, बाकी त्याला जोडून खपवतात. वर पासिंगची तारीख मी स्वतःच बोलून बसलो होतो.

जुना मीटर मागितला तर म्हणाला, पार्टीला एक्स्चेंजमधे द्यावा लागतो, नाहीतर दोन हजार वर पडतील. आणि एक गोष्ट तो इतक्या आपुलकीने बोलला की मला बरंच वाटलं, "नवा मीटर शून्यावर असतो, पण तुमचं जुनं रीडिंग मी जुळवून देतो, गाडीचा हिशोब बिघडायला नको." आता कळतंय की मीटर नवा नव्हताच, शून्य दाखवायला त्याच्याकडं नव्हतं म्हणून ही सेवा होती. पैसे रोख दिले, बिल साध्या कागदावर, वर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त "मीटर काम १०,५००".

पासिंग झाली, काटा हलत होता. मग महिन्याभराने हायवेने कराडला चाललो होतो, भाच्याने मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावला होता, तो म्हणाला मामा तुझा मीटर ऐंशी दाखवतोय आणि इथं बासष्टच येतंय. मला आधी वाटलं मोबाईल चुकतोय. मग टायरचा विचार केला तर उलटंच निघालं. माझ्या गाडीला २३५/७५ आर १५ आहेत, मूळच्या २०५/७० पेक्षा चाकाची उंची साधारण १० टक्के जास्त, म्हणजे चाकाचे फेरे कमी आणि मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमीच दाखवायला पाहिजे, खरे ६६ असतील तर ६० च्या आसपास. आधीचा मीटर तसंच दाखवायचा. हा जास्त दाखवतोय म्हणजे काहीतरी भलतंच आहे. किलोमीटरचे दगड मोजत गेलो, दहा दगडांत मीटरवर तेरा किलोमीटर पडले.

घरी आल्यावर मीटर बाहेर काढला. आकड्यांच्या चाकांपैकी ८ आणि ६ एका ओळीत नाहीत, ६ केसभर वर चढलेला, आणि दोन्ही चाकांच्या कडेला टोकदार काहीतरी घालून फिरवल्याचे ओरखडे. दर्शनी डायल जिप्सीची, पण मागची मशीन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची, तिला बसवायला प्लॅस्टिकला नवीन भोकं पाडलेली आणि फेविक्विकचा पांढरा थर. या जुन्या मीटरमधे केबल फिरते, तिच्यावर मॅग्नेट फिरतो, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी आणि तिला लावलेला काटा स्प्रिंगच्या विरुद्ध सरकतो. एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हे सगळ्या गाड्यांचं सारखं नसतं, म्हणून दुसऱ्याची मशीन लावली की काटा हलतो पण खोटं बोलतो. पासिंगला काटा हलला एवढंच दिसलं.

आणि मग सगळ्यात वाईट. पान्यांची पिशवी काढायला मागच्या सीटखाली हात घातला तर जॅकच्या मागं जुनी मीटर केबल गुंडाळून टाकलेली, पोऱ्याने तशीच टाकली असणार. तिची आतली तार ओढली तर हातभरच बाहेर आली. तुटलेली. टोकाला तारेचे पीळ सुटून झाडूसारखे झालेले, गंजलेले, बाहेरच्या नळीत ग्रीसचा थेंब नाही. म्हणजे मॅग्नेट बिग्नेट काही गेलं नव्हतं, २५ वर्षांची केबल सुकून तुटली होती. दोन महिने काटा नाचत होता तो त्याच केबलमुळं. आठशेच्या केबलचं काम होतं आणि ती केबल त्याने तशीही बदललीच होती. मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो बराच वेळ.

आता सांगतो काय बघायचं. काटा आणि किलोमीटर दोन्ही त्याच केबलवर चालतात, म्हणून दोन्ही एकदम थांबले तर संशय केबलवर किंवा ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) केबल जिथं बसते तिथल्या छोट्या गिअरवर घ्या. किलोमीटर पळतायत आणि काटाच मेलाय तर मात्र मीटरच बघायला लागेल. मीटरच्या मागून केबल सोडवा, कुणाला तरी गाडी थोडी ढकलायला सांगा आणि आतली तार फिरते का बघा. फिरत नसेल तर मीटरला हात पण लावू देऊ नका. आणि मीटर तपासायचाच असेल तर त्याच्या मागच्या चौकोनी खाचेत बसेल असा तुकडा ड्रिल मशीनला लावून अगदी हळू फिरवा, काटा नाही उठला तर दिशा बदलून बघा. हे गॅरेजमधे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे, जो टाळतो त्याच्याकडून गाडी परत आणा. जुना पार्ट दोन हजारासाठी सोडू नका. मी सोडला.

गॅरेजवर तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाला दिल्लीवाल्याने फसवलं, दुसऱ्यांदा भेटलाच नाही, तिसऱ्यांदा तुटकी केबल समोर ठेवली तेव्हा चार हजार काढून दिले आणि जुना मीटर गेला म्हणाला, कुणाला ते सांगेना. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही असं सांगितलं, पण त्यांनी पहिलं विचारलं बिल आहे का. माझ्याकडं तो कागद. पक्क्या बिलावर जुनं रीडिंग, नवं रीडिंग, मीटर नवा की वापरलेला एवढं लिहून घेतलं असतं तर आज केस उभी राहिली असती.

आता कराडच्या एका जिप्सीवाल्या काकांकडून त्यांच्या मोडीत निघालेल्या गाडीचा मीटर आणलाय, ड्रिलवर फिरवून बघून घेतला, जीपीएसशी ताडला, बरोबर चालतोय. त्यावरचे आकडे दुसऱ्या गाडीचे आहेत, ते मी तसेच ठेवलेत आणि फरक डायरीत लिहून ठेवलाय.

एक विनंती आहे. आण्णांच्या मीटरच्या काचेवर खाली डाव्या कोपऱ्यात, ट्रिपच्या बटणापाशी, उदबत्तीने पडलेला तांबूस डाग आहे, तुरीच्या दाण्याएवढा. दसऱ्याला गाडीची पूजा करताना माझ्याच हातून पडलेला. रीडिंग आता काहीही केलं असेल पण तो डाग जाणारा नाही. जुन्या जिप्सीचा मीटर घेताना तसा डाग कुणाला दिसला तर कळवा, मी जास्तीचे पैसे देऊन घेईन.